बटणाची शेवटची पायरी



अधिवेशनाच्या अध्यक्षाने विशेष शिक्षणाच्या क्षेत्राचा आढावा घ्यावा, अशी प्रथा आहे. पण समोर यंदाच पदविका घेतलेले कितीतरी तरुण चेहरे दिसताहेत. त्यांच्यासाठी मी एका बटणापासून सुरुवात करतो.

नोकरीच्या पहिल्या वर्षी माझ्या वर्गात बौद्धिक अक्षमता असलेला नऊ वर्षांचा मुलगा होता. त्याला शर्टाचं बटण लावता येत नसे. मी रोज पहिल्यापासून शिकवायचो : चिमटीत धर, काजापाशी ने, आत सरकव. दुसऱ्या-तिसऱ्या पायरीलाच तो रडायला लागायचा. असे तीन महिने गेले. मग शेजारच्या वर्गातल्या ज्येष्ठ बाई येऊन बसल्या. त्यांनी स्वतः बटण काजातून अर्धं बाहेर काढलं आणि त्याला म्हणाल्या, ‘ओढ.’ त्यानं ओढलं. बटण लागलं! दर आठवड्याला बाई एकेक पायरी मागे सरकत गेल्या. दिवाळीच्या सुट्टीआधी त्याची आई दारात उभी राहून सांगत होती, ‘सर, आज यानं मला शर्टाला हात लावू दिला नाही.’

याला आपण कृतीचं पृथक्करण आणि उलटी साखळी म्हणतो. मूल काम अर्धवट टाकून उठत नाही. दरवेळी ते काम त्याच्याच हातानं पुरं होतं. विशेष शिक्षण म्हणजे काय, असं कुणी विचारलं की मला ते अर्धं बाहेर आलेलं बटण दिसतं. मूल कुठं अडतं, ते इतक्या जवळून पाहायचं की अडण्याची नेमकी जागा सापडावी.

हे पाहणं जुनं आहे. सन १८००मध्ये फ्रान्सच्या आवेरोन भागात रानात वाढलेला एक मुलगा सापडला. डॉक्टर इतार यांनी त्याला काही वर्षं शिकवलं. तो बोलू लागला नाही, म्हणून इतार खट्टू झाले. पण त्यांचे शिष्य सेगँ यांनी ती पद्धत पुढं नेली, आणि रोममध्ये मतिमंद मुलांसाठी काम करणाऱ्या मारिया मॉन्टेसरींनी या दोघांचं लेखन स्वतःच्या हातानं भाषांतरित केलं. १९०७मध्ये सान लोरेन्झोच्या गरीब वस्तीत त्यांनी तशीच साधनं इतर मुलांच्या हाती दिली. तीच परंपरा भावनगरला बालशिक्षणाचं काम करणाऱ्या गिजुभाईंकडे आली. ताराबाई मोडक १९२३मध्ये त्यांना जाऊन मिळाल्या. पुढं बोर्डी आणि कोसबाडला ताराबाई व अनुताई वाघांनी महागड्या साधनांऐवजी परिसरातल्या साध्या वस्तू घेतल्या. आपल्या बालवाडीतलं मूल मणी ओवतं, ठोकळे रचतं, त्या हातांमागं इतार-सेगँच्या विद्यार्थ्यांचा वारसा आहे. म्हणून ‘तुमची मुलं आमच्या शाळेत कशी बसणार’ असं कुणी विचारलं की मला राग येतो, आणि तो मी लपवत नाही.

कायदा आपल्या बाजूनं आहे. २०१६च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं अक्षमतेचे प्रकार ७वरून २१ केले. किमान ४० टक्के अक्षमता असलेल्या ६ ते १८ वयाच्या मुलाला जवळच्या शाळेत किंवा निवडीच्या विशेष शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क दिला. अक्षमतेचं प्रमाणपत्र मिळवण्यासाठी पालक किती खेटे घालतात, हे मी पाहिलंय. ते हवंच. पण त्यावरचा आकडा सवलत मिळवून देतो. उद्या सकाळी वर्गात काय शिकवायचं, ते त्यात लिहिलेलं नसतं.

ते वैयक्तिक शैक्षणिक आराखड्यात लिहायचं असतं, आणि इथं आपणच चुकतो. ‘वाचन सुधारणे’, ‘स्वावलंबन वाढवणे’ ही वाक्यं मी पंधरा मुलांच्या आराखड्यांत जशीच्या तशी पाहिली आहेत. सुरुवातीच्या काळात मीही ती लिहिली. ‘जेवणाच्या सुट्टीत डबा स्वतः उघडेल, पाचपैकी चार दिवस’ असं लिहायला मुलाजवळ बसावं लागतं. सोमवारी एका शाळेत, मंगळवारी दुसऱ्या, अशी फिरती करणाऱ्या विशेष शिक्षकाला ही बैठक कशी जमणार? त्याच्याकडच्या शाळांची संख्या कमी करा, ही या अधिवेशनाच्या ठरावातली पहिली मागणी असावी, असं मी सुचवतो.

दुपारच्या सत्राला येताना प्रत्येकानं एका मुलाचा आराखडा, नाव झाकून, बरोबर आणावा. शेजाऱ्याला वाचायला द्या. ते मूल त्याच्या डोळ्यांपुढं उभं राहिलं नाही, तर तिथंच बसून तो पुन्हा लिहू. मी पहिल्या रांगेत कागद घेऊन बसणार आहे.