अक्षरांचे क्रमांक आणि छांदिष्ट माणसे



संगणकाच्या आज्ञावल्या लिहिणे हा माझा व्यवसाय. त्यात सभेपुढे उभे राहण्याचा प्रसंग क्वचितच येतो. म्हणून आजचा विषय मी माझ्या रोजच्या कामातलाच निवडला आहे. ज्यांच्या स्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्यांनी आयुष्यभर मुलांकडून अक्षरे गिरवून घेतली. तीच अक्षरे यंत्रात कशी गेली, ती कोणी नेली आणि त्यात आपले काय पणाला लागले आहे, एवढेच मला सांगायचे आहे.

संगणकाला अक्षर कळत नाही. त्याला कळतो तो अंक. म्हणून प्रत्येक अक्षराला एक क्रमांक द्यावा लागतो आणि तो सर्वांनी मान्य करावा लागतो. हा एक करारच आहे. करार नसेल तर काय होते, हे गेल्या शतकाच्या अखेरीस मराठी मजकूर जुळवणाऱ्यांनी चांगलेच अनुभवले. त्या काळी पुष्कळशा मराठी फाँटांमध्ये आपल्या अक्षरांची चित्रे इंग्रजी अक्षरांच्या जागांवर बसवलेली असत. कागदावर छापलेले पान देखणे दिसे. पण यंत्राच्या लेखी ती इंग्रजी अक्षरांची निरर्थक मालिका असे. फाँट बदलला की सुंदर लेखाची क्षणात रांगोळी विस्कटे. मजकूर होता, पण तो मराठी आहे हे यंत्राला ठाऊक नव्हते.

यावरचा उपाय आपल्याच देशात शोधला जात होता. कानपूरच्या आयआयटीत सुरू झालेले भारतीय लिप्यांचे काम पुढे पुण्याच्या सी-डॅक या संस्थेत वाढले. १९८८ साली स्थापन झालेली ही संस्था सर्वांना माहीत आहे ती १९९१ च्या ‘परम ८०००’ या महासंगणकामुळे. त्या यशाचे शिल्पकार डॉ. विजय भटकर हे आपल्या शेजारच्या विदर्भातले, अकोला जिल्ह्यातील मुरंबा गावचे. परमची कीर्ती योग्यच होती. परंतु त्याच १९९१ साली भारतीय मानक ब्यूरोने भारतीय लिप्यांसाठी ‘इस्की’ हा प्रमाणित अक्षरसंच स्वीकारला, त्याची वार्ता फारशी कोणी वाचली नाही. ‘युनिकोड’ या जागतिक अक्षरसंचाची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची. तिच्यातील देवनागरीची मांडणी इस्कीच्या १९८८ च्या रूपावर आधारलेली आहे. महासंगणकाची गती केव्हाच मागे पडली. अक्षरांचा तो तक्ता मात्र आज खिशातल्या प्रत्येक मोबाइलमध्ये आहे.

या तक्त्यातले एकच उदाहरण देतो. ‘आचार्यांना बोलवा’ आणि ‘आचाऱ्यांना बोलवा’ ही दोन वाक्ये घ्या. पहिल्या निरोपाने गुरुजी येतील, दुसऱ्याने स्वयंपाकी. हा भेद मराठीत ज्या अर्ध्या ‘र’मुळे साधतो, तो हिंदीला लागत नाही. युनिकोडमध्ये ‘र’चा क्रमांक २३५२ आहे आणि या अर्ध्या ‘र’साठी वापरल्या जाणाऱ्या ‘ऱ’चा २३५३. यंत्राच्या भाषेत, म्हणजे शून्य आणि एक यांच्या लेखनात, या दोन संख्यांमध्ये केवळ शेवटच्या एका अंकाचा फरक आहे. शून्याच्या जागी एक आला की आचार्यांचा आचारी होतो! सगळे काम तेवढ्याने संपत नाही. हाच अर्धा ‘र’ आणखी एका मार्गानेही लिहिता येतो. डोळ्यांना दोन्ही शब्द सारखेच दिसतात, पण शोधणाऱ्या यंत्राला ते भिन्न वाटतात. क्रमांकांनुसार शब्द लावले तर ‘ळ’ हा ‘ल’च्या पाठोपाठ येतो; आपल्या वर्णमालेत तो ‘ह’च्या नंतर आहे. ‘ॲ’ला तर स्वतःचा क्रमांक मिळायला २००८ साल उजाडावे लागले.

अशा बारीकसारीक गोष्टींसाठी वर्षानुवर्षे भांडणारी माणसे असतात. इंग्रजीत त्यांना ‘गीक’ म्हणतात. मी त्यांना छांदिष्ट म्हणतो. त्यांचे दोष मला ठाऊक आहेत, कारण मी त्यांच्यातच वावरतो. ती दुर्बोध बोलतात, सामान्य माणसाच्या अडचणीला हसतात, नव्या यंत्रापुढे जुन्या माणसाला कमी लेखतात. पण त्यांचा एक गुण या सर्वांवर मात करतो: मिळालेले ज्ञान ती वाटून टाकतात. सुलेखनकार आणि कवी र. कृ. जोशी यांनी ‘मंगल’ हा फाँट घडवला, तो विंडोज प्रणालीतून घरोघर पोहोचला. त्यांनीच घडवलेले ‘रघु’ फाँट सर्वांसाठी मुक्त ठेवले गेले. लिनक्ससारख्या प्रणाल्यांतील शब्द मराठीत आणण्याचे काम कित्येकांनी नोकरी सांभाळून, विनामोबदला केले.

आणि छांदिष्ट व्हायला संगणकच लागतो असे नाही. १९१८ साली आपल्याच बालाघाट जिल्ह्यातील मुन्शी मंगलसिंह मसराम यांनी गोंडी भाषेसाठी स्वतंत्र लिपी रचली. जी भाषा इतरांच्या लिप्यांत लिहिली जात होती, तिला स्वतःची अक्षरे असावीत, असे त्यांना वाटले. आपल्या बोलीचे ध्वनी कान देऊन ऐकणे, त्यांना चिन्हे देणे, त्यांची जुळणी बसवणे हे काम आमच्या व्यवसायातील कोणत्याही कामाइतकेच काटेकोर आहे. ‘मसराम गोंडी’ या नावाने ही लिपी युनिकोडमध्ये दाखल झाली ती २०१७ साली, ७५ चिन्हांसह. मधे ९९ वर्षे गेली. या जिल्ह्यात जन्मलेल्या लिपीची ही कथा येथील प्रत्येक विद्यार्थ्याला माहीत असावी, असे मला मनापासून वाटते.

भरवेलीत येऊन खाणीविषयी मी आपणांस काय सांगावे! तरीही एक साम्य दाखवल्यावाचून राहवत नाही. भूमिगत खाणीत मँगनीजचा एक थर कापून काढला की झालेली पोकळी पाण्याबरोबर वाळू सोडून भरतात आणि त्या भरावावर उभे राहून वरचा थर कापतात. खालचा भराव कच्चा राहिला तर वरच्या माणसाच्या जिवाशी गाठ. संगणकातही असेच थर असतात: तळाशी अंक, त्यावर अक्षरांचा तक्ता, त्यावर फाँट आणि कळफलक, त्यावर शब्द, आणि सर्वांत वर बोलणारी, लिहिणारी आजची नवी यंत्रे. लोक वरच्या थराकडे कौतुकाने पाहतात. पण ही यंत्रे शिकतात ती आपण लिहून ठेवलेल्या मजकुरावरूनच. घाईत आपण ‘वाऱ्यावर’ऐवजी ‘वार्यावर’ लिहीत राहिलो, तर उद्या यंत्रही तेच शिकेल आणि आपल्या नातवंडांना तेच शिकवील.

म्हणून विज्ञानाच्या वेगाने दिपून जाऊ नये, तसेच त्याला भिऊही नये. क्रमांक मिळाला म्हणजे भाषा जगली असेही समजू नये. क्रमांक हे दार आहे. घरात माणसे राहिली तरच त्याला घर म्हणायचे. मसरामांच्या लिपीला दार मिळाले आहे, पण त्या अक्षरांत वाचणारी मुले किती असतील, हे आपल्यावर आहे. मराठीचेही तेच. येथे कचेरीत हिंदी, घरात मराठी, शेजारी पोवारी आणि गोंडी कानावर पडते. चार भाषांच्या सीमेवर वाढणाऱ्या मुलाचा कान तयार असतो. हे वैगुण्य नाही, भांडवल आहे.

शाळेला माझी एक सूचना आहे. जुने वार्षिकांक, हस्तलिखिते, वृद्धांच्या तोंडच्या म्हणी, गाणी आणि खाणीतले शब्द विद्यार्थ्यांनी युनिकोडमध्ये शुद्ध उतरवावेत. गोंडी बोलणाऱ्या घरांतील मुलांनी गोंडीही उतरवावी. एकाने लिहावे, दुसऱ्याने तपासावे. त्यासाठी महासंगणक नको, एखादा साधा संगणकही पुरे. नेटके लिहिणे आणि लिहिलेले पुन्हा तपासणे हा धडा आपल्या गुरुजनांनी पाटी-पेन्सिलीच्या काळातच दिला होता. आमच्या व्यवसायाचे सारही त्याहून वेगळे नाही.

गुरुजनांच्या स्मृतीस वंदन करून थांबतो.