लवंग, मीठ आणि ठणकणारी दाढ



दाढ ठणकते ती बहुधा रात्री, दवाखाने बंद झाल्यावर. आडवे होताच डोक्याकडे रक्ताचा दाब वाढतो आणि कळ तीव्र होते. म्हणून प्रथम उशी उंच करावी. गालावर बाहेरून थंड पट्टी ठेवावी, शेक देऊ नये.

घरातील वडीलधारी मंडळी मग लवंगेचा डबा काढतात. ते योग्यच आहे. लवंगेतील युजेनॉल हे द्रव्य बधिरता आणते. दंतवैद्यही ते झिंक ऑक्साइडमध्ये कालवून दात तात्पुरता भरतात. मात्र निव्वळ लवंगतेलाचा बोळा दाबून ठेवल्यास हिरडी भाजते. एक-दोन थेंब चमचाभर खोबरेल तेलात मिसळून केवळ दुखऱ्या दातास लावावेत. लहान मुलांना ते लावू नये आणि बाटलीही त्यांच्या हाती लागू देऊ नये. चमचा-दोन चमचे तेल पोटात गेल्यास यकृतास गंभीर इजा होऊ शकते. हिरडी सुजली असता पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या कराव्यात. ॲस्पिरिनची गोळी दाताशी धरून ठेवण्याची रीत तर सोडलीच पाहिजे. तिने हिरडीला जखम होते.

खरा घात करते ती मशेरी. महाराष्ट्रातील अनेक माउलींना ती दातदुखीवरील औषध म्हणूनच प्रथम मिळते. भाजलेली असली तरी ती तंबाखूच. निकोटिनची सवय जडते, दुखणे झाकले जाते आणि पुढे मुखकर्करोगाचे भय उरते.

आणखी एक फसवणूक ध्यानी घ्यावी. चार दिवस ठणकणारी दाढ एकाएकी शांत होते आणि श्रेय लवंगेला मिळते. प्रत्यक्षात दाताचा गाभा मृत झालेला असू शकतो. कीड मात्र आत हाडाकडे सरकत राहते. परंपरेचा आधार घेणाऱ्यांनी सुश्रुतसंहिताही पाहावी. दाताच्या मुळाशी नाडीव्रण झाल्यास तो दातच उपटावा, असे तेथे सांगितले आहे. केवळ लेप लावून थांबण्यास सांगितलेले नाही.

दुखणे दोन दिवसांहून अधिक टिकले, किंवा आपोआप थांबले तरीही, दंतवैद्याकडे जावे. हिरड्यांतून वारंवार रक्त येत असेल तर रक्तातील साखरही तपासून घ्यावी. परंतु गाल वा जबड्याखाली सूज, ताप, तोंड उघडण्यास, गिळण्यास वा श्वासास त्रास, यांपैकी काही दिसले तर सकाळची वाट न पाहता रात्रीच रुग्णालय गाठावे.