बलोपासनेला पायरीची अट नको

(व्यायामशाळांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



समर्थ रामदासांनी ठिकठिकाणी मारुतीची स्थापना करून या भूमीत बलोपासनेचा संस्कार रुजवला. आपल्या व्यायामशाळा त्या परंपरेच्या वारस आहेत. अमरावतीचे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ १९१४ मध्ये सुरू झाले, तेव्हा पारतंत्र्यातील तरुणांना बलशाली करणे ही निकड होती. परंतु समाज केवळ तरुणांचा नसतो. २०११ च्या जनगणनेत साठी ओलांडलेले दहा कोटींहून अधिक होते, दिव्यांग २ कोटी ६८ लाख. हे आपले बांधव आपल्या तालमीत किती दिसतात?

ज्येष्ठांचा व्यायाम म्हणजे सकाळचा फेरफटका आणि हास्यमंडळ, अशी आपली समजूत आहे. दोन्ही उत्तमच, परंतु खुर्चीवरून हात न टेकता उठण्याचे बळ तेवढ्याने टिकत नाही. वयाबरोबर स्नायू क्षीण होतात, तोल जातो, आणि एके दिवशी न्हाणीघरात पाय घसरून खुब्याचे हाड मोडते. पुढचे परावलंबन ज्या घराने पाहिले आहे, त्याला अधिक सांगायला नको. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० मध्ये ज्येष्ठांना आठवड्यातून किमान तीन दिवस तोल आणि शक्ती वाढवणारा व्यायाम सुचवला, तो यासाठीच.

दिव्यांगांच्या सामर्थ्याविषयी शंका घेणाऱ्यांनी मुरलीकांत पेटकरांचे चरित्र पाहावे. १९६५ च्या युद्धात गोळ्या झेललेल्या या मराठी जवानाच्या वाट्याला पोहणे आले ते उपचार म्हणून. १९७२ मध्ये हायडेलबर्गला त्यांनी त्यातच सुवर्णपदक मिळवले. मुंबईत श्री समर्थ व्यायाम मंदिराच्या उदय देशपांडे यांनी दृष्टिहीन मुलांना मल्लखांब शिकवला. अडचण शरीरात असते त्याहून अधिक आपल्या दाराशी असते.

दार म्हणजे खरोखरच दार! सहा इंची पायरी चाकाच्या खुर्चीला भिंतीसारखी असते. एकास बारा या प्रमाणात तिला सहा फुटांचा उतार लागतो. एक गवंडी दोन दिवसांत करील. भिंतीला कठडा, घसरणार नाही अशी फरशी, पाठ असलेल्या चार भक्कम खुर्च्या आणि हलक्या वजनांचा संच – यात लाखांचा खर्च नाही. उद्यानांतील खुल्या व्यायामशाळांवर मात्र खर्च होऊनही पुष्कळ साधने अशी असतात, की चाकाच्या खुर्चीवरील माणसाला त्यांच्या जवळही जाता येत नाही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या ३० व्या कलमात क्रीडासुविधा त्यांना वापरता येतील अशा करण्याची तरतूद आहे. नगरसेवकांपुढे ती अवश्य ठेवावी.

आपल्या बहुतेक व्यायामशाळा दुपारी कुलूपबंद असतात. चार ते पाच हा एक तास ज्येष्ठ आणि दिव्यांगांसाठी राखून ठेवा. एक जाणता प्रशिक्षक द्या, वैद्यांचा सल्ला घ्या, आणि पहिल्या आठवड्यात त्यांना घरून आणण्याचे काम आखाड्यातील तरुणांवर सोपवा.