कणगी आणि कारखाना

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित अंश)



चौतीस वर्षे मी पुण्यात अभियांत्रिकीच्या मुलांना एकच विषय शिकवला. त्याचे नाव मात्र दोनदा बदलले. मी नोकरीला लागलो तेव्हा त्याला नुसते 'स्टोअर्स' म्हणत, आणि ज्या मास्तरला दुसरे काही मिळाले नाही त्याच्या गळ्यात तो पडे. पुढे त्याचे 'मटेरियल्स मॅनेजमेंट' झाले. १९९१ नंतर परदेशी कंपन्या येऊ लागल्या तसे 'सप्लाय चेन' आले. हा शब्द १९८२ साली कीथ ऑलिव्हर नावाच्या एका सल्लागाराने रूढ केला. कच्चा माल निघाल्यापासून तयार वस्तू गिऱ्हाइकाच्या हाती पडेपर्यंत जे जे हात लागतात, त्यांची ही साखळी.

माझे गाव वेल्हे भागातले पाली, राजगडाच्या पायथ्याचे. गडाचा जुना राजमार्ग आमच्याच बाजूने चढतो आणि पाली दरवाजातून पद्मावती माचीवर निघतो. सुमारे पाव शतक हा गड शिवाजी महाराजांची राजधानी होता. दरवर्षी मी विद्यार्थ्यांना या वाटेने वर नेत असे. माचीवर अंबरखान्याच्या जोत्यापाशी बसवून विचारायचो, ''समजा, पाचशे माणसे पावसाळाभर इथे राहणार आहेत. पाऊस लागण्याआधी काय काय वर चढवाल? तेही माणसाच्या डोक्यावरून आणि बैलाच्या पाठीवरून.'' तांदूळ सगळे लिहीत. मीठ निम्मे विसरत. जळण तर क्वचितच कोणाला आठवे.

आमच्या आईला ते विचारावे लागले नसते. मे संपायच्या आत घरात कणगी भरलेली, गोवऱ्या रचलेल्या, लाकडे पडवीत, गवताची गंजी शाकारलेली. ओढे भरून वाहू लागले की गावाचा बाहेरच्या जगाशी संबंध तुटायचा. मग जे घरात असेल तेच खरे.

आणि मी वर्गात शिकवत होतो नेमके उलटे! फोर्ड हॅरिस या अमेरिकन अभियंत्याने १९१३ साली एक सूत्र मांडले. एका वेळी किती माल मागवला तर मागवण्याचा आणि साठवण्याचा खर्च मिळून कमीत कमी होईल, ते या सूत्राने काढता येते. सूत्र साधे आहे, मला अजूनही आवडते. त्यानंतर जपानच्या टोयोटाची पद्धत आली. लागेल तेव्हा, लागेल तेवढेच. साठा म्हणजे अडकून पडलेला पैसा, हे वाक्य मी फळ्यावर किती वेळा लिहिले असेल, याची गणती नाही. एका मोठ्या कारखान्याने मला सल्लागार म्हणून बोलावले, तेव्हा दोन वर्षांत त्यांचे गोदाम जवळपास रिकामे करून दाखवले. सत्कार झाला, शाल मिळाली.

त्यानंतर वर्षभराने एका जुन्या विद्यार्थ्याचा फोन आला. भोसरीत त्याची छोटी शेड होती. त्याच कारखान्याला तो सुटे भाग पुरवायचा. ''सर, एकदा येऊन जा.'' गेलो. शेडमध्ये चालायला जागा नव्हती. छतापर्यंत मांडण्या, त्यांत तयार भागांचे खोके. कारखान्याला दिवसातून चार वेळा टेम्पो हवा, उशीर झाला तर दंड. म्हणून तो महिन्याभराचा माल आधीच करून ठेवत होता, बँकेच्या पैशावर. मला म्हणाला, ''सर, तुम्ही साठा कमी नाही केलात. माझ्याकडे पाठवलात.''

आवाजात राग नव्हता, म्हणूनच ते लागले. परत येताना मी रिक्षात एक शब्द बोललो नाही.

त्या सुमारास महाराजांचे एक प्रसिद्ध पत्र मी पुन्हा वाचले. चिपळूणकडे छावणीला असलेल्या लष्कराच्या अधिकाऱ्यांना १६७० च्या दशकात लिहिलेले. शाळेत आपल्याला त्यातली रयतेची कळकळ सांगतात. ती आहेच, पण मला त्यात साठ्याचा हिशोब दिसला. पावसाळ्यासाठी जमवलेले दाणे आणि वैरण आताच वाटेल तशी खर्च केली, तर ऐन पावसात काही उरणार नाही. घोडी उपाशी मरतील. मग तुमची माणसे कुणब्यांच्या घरी जाऊन कोणी दाणे आणील, कोणी गवत, कोणी भाजी. म्हणजे कोठारात पडलेला खड्डा शेवटी भरतो कोण, तर ज्याला नाही म्हणता येत नाही तो! पत्रात पुढे आगीचीही ताकीद आहे. रात्री दिवा जळता ठेवू नका, उंदीर पेटती वात ओढून नेईल आणि गंज्या जळतील.

गंमत म्हणजे टोयोटावर तीच वेळ आली. १ फेब्रुवारी १९९७ रोजी जपानमधल्या कारिया इथल्या आयसिन कंपनीच्या कारखान्याला आग लागली. ब्रेकमधला एक छोटासा व्हॉल्व्ह जवळजवळ सगळा तिथूनच येई, आणि टोयोटाकडे त्याचा साठा तासांत मोजण्याइतका. जपानमधले त्यांचे बहुतेक कारखाने थांबले. मग इतर पुरवठादार धावले. शिलाई मशीन बनवणाऱ्या ब्रदर कंपनीनेही ते व्हॉल्व्ह करून दिले. काही दिवसांत गाडी रुळावर आली.

मी परीक्षेचा प्रश्न बदलला. ''साठा किती कमी करता येईल?'' यापुढे एक ओळ वाढवली: ''कमी केलेला साठा आता कोणाच्या दारात आहे?'' काही सहकाऱ्यांना हे अर्थशास्त्र वाटले, अभियांत्रिकी नव्हे. असेल. निवृत्त होईपर्यंत तो प्रश्न मी काढला नाही. भोसरीच्या त्या विद्यार्थ्याने दोन वर्षांनी शेड विकली. आता नोकरी करतो. मला दिवाळीला फोन करतो, हा त्याचा मोठेपणा.

मार्च २०२० मध्ये टाळेबंदी लागली. तिसऱ्याच दिवशी पालीहून चुलतभावाचा फोन. ''दादा, घरात काय काय आहे?'' हिने डबे उघडून पाहिले. तांदूळ चार दिवसांचा, डाळ त्याहून कमी. तो इतका हसला की शेवटी मीही हसलो. आठवड्याने पास काढलेल्या भाजीच्या टेम्पोतून इंद्रायणी तांदळाचे अर्धे पोते आले. पोत्याच्या तोंडाशी एक पिशवी बांधलेली होती. सोडून पाहिली, तर मीठ.