ओळंबा आपल्याच भिंतीला

(मिशन रविवारी मंडळीत दिलेला संदेश)



आज मननासाठी आमोसाचे पुस्तक घेतले आहे. आमोस तकोवाचा मेंढपाळ, उंबराच्या झाडांची निगा राखणारा. ख्रिस्तपूर्व आठव्या शतकात, दुसऱ्या यराबामाच्या काळात, देवाने त्याला यहूदातून उत्तरेला इस्राएलात पाठवले. देशात सुबत्ता होती. बेथेलच्या मंदिरात सण, अर्पणे, गायन, कशालाच तोटा नव्हता.

त्याच्या संदेशाची सुरुवात पाहा. आधी दिमिष्काचा न्याय, मग गज्जा, सोर, अदोम, अम्मोन आणि मवाब यांचा. ऐकणारे माना डोलावत असतील, कारण शेजाऱ्याचा न्याय ऐकायला सर्वांनाच गोड लागतो. पुढे यहूदा, आणि शेवटी इस्राएल, म्हणजे तेच ऐकणारे!

आरोप काय? माप लहान, वजन जड, तराजू खोटा. वेशीत न्यायाला बसणारे लाच घेतात. पायतणाच्या जोडासाठी गरिबाला विकतात. दुसऱ्या अध्यायात आणखी एक गोष्ट आहे. गहाण घेतलेल्या वस्त्रांवर हे लोक वेदीजवळ पहुडतात. गरिबाचे गहाण वस्त्र सूर्यास्तापूर्वी परत द्यावे, अशी मोशेच्या नियमशास्त्रात आज्ञा आहे. तेच वस्त्र अंथरून यांची उपासना चालली होती! म्हणून देवाला त्यांची गाणी नकोशी झाली. त्याला न्याय हवा होता, तोही कधी न आटणारा.

आता माझी गोष्ट सांगतो. दोन वर्षांपूर्वी मी अंगणाला भिंत घातली. विटा स्वस्त मिळाल्या, म्हणून कौटुंबिक प्रार्थनेत देवाचे आभारही मानले. पुढे पावसाळ्यात मिशनच्या कामासाठी एका कातकरी वाडीवर गेलो. तिथली एक बाई म्हणाली, "दादा, सहा महिने विटा पाडल्या, तरी उचल फिटली नाही. दिवाळी झाली की परत जायचं." आठवड्याची खर्ची वजा, आजारपणाचे पैसे वजा. किती हजार विटा पाडल्या ते मालकाच्या वहीत, आणि तिला वाचता येत नाही. मुले भट्टीवर सोबत, म्हणून शाळा सुटलेली. मी भट्टी कुठली ते विचारले. माझ्या विटा तिथल्याच होत्या.

त्या दिवशी सातव्या अध्यायातला ओळंबा मला कळला. प्रभू भिंतीजवळ ओळंबा घेऊन उभा आहे, असे आमोसाने पाहिले. आजवर मी तो दुसऱ्यांच्या भिंतीला लावत होतो.

वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने बंद केली आहे. पण कायदा वाडीपर्यंत पोचवायला माणूस लागतो. आपण वाडीसाठी चादरी आणि धान्य देतो, ते देत राहू या. मात्र हक्काची मजुरी बुडते तिथे चादर देऊन न्याय होत नाही. म्हणून वीट घेताना, घरकामाला किंवा शेतावर माणूस ठेवताना, आधी विचारू या: मजुरी किती, हिशेब मजुराला वाचून दाखवला का, मुले शाळेत आहेत का? मंडळीतल्या तरुणांनी पावसाळ्यातच वाडीवर जाऊन उचलीचा हिशेब लिहून द्यावा. मीही त्यांच्याबरोबर जाईन.

बेथेलच्या अमस्या याजकाने आमोसाला परत यहूदात जायला सांगितले. पुढे थोड्याच दशकांत, ख्रिस्तपूर्व ७२२ च्या सुमारास, अश्शूरापुढे शोमरोन पडले. आपण मात्र ऐकू या. न्यायाची सुरुवात आपल्या अंगणातून होवो. आमेन.