स्मृतिभ्रंश आणि शेजारधर्म



वार्धक्यात बुद्धी साथ सोडू लागली की आपल्या भाषेत त्यासाठी शब्द तयारच असतात. 'म्हातारचळ' हा त्यांतला एक. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण तर हसत हसत तोंडावर फेकली जाते. जपानी भाषेतही असाच एक शब्द रूढ होता, 'चिहो'. त्याच्या दोन्ही अक्षरांत मूर्खपणाचाच अर्थ भरलेला. डिसेंबर २००४ मध्ये जपान सरकारने तो टाकून 'निन्चिशो' हा शब्द स्वीकारला. त्याचा अर्थ एवढाच की, आकलनशक्तीचा विकार. शब्द बदलल्याने रोग बरा होत नाही, हे खरे. परंतु ज्या कुटुंबाला हा रोग लपवावा लागत होता, त्याला शेजाऱ्यांपुढे तोंड उघडण्याची सोय झाली.

तोवर हे दुःख घराच्या चार भिंतींतच होते आणि त्याचा भार बहुधा सुनेवर पडे. सावाको आरियोशी या लेखिकेने १९७२ साली 'कोकोत्सु नो हितो' या कादंबरीत नोकरी करणाऱ्या सुनेची सासऱ्याच्या शुश्रूषेत होणारी ओढाताण रंगविली आणि ती अफाट खपली. १९८० साली क्योटो शहरात अशा कुटुंबांनी आपली संघटना स्थापन केली. २००० सालापासून शुश्रूषा-विमा योजना सुरू झाली. चाळिशी ओलांडलेल्या नागरिकांना तिचा हप्ता भरावा लागतो. एवढे सारे झाले, तरी पहारा मात्र घरच्यांनाच द्यावा लागत होता.

त्या पहाऱ्याची किंमत २००७ च्या डिसेंबरात आयची प्रांतातील एका कुटुंबाने मोजली. ९१ वर्षांचे स्मृतिभ्रंशग्रस्त गृहस्थ, त्यांची ८५ वर्षांची पत्नी आणि सासऱ्यांच्या सेवेसाठी पतीला दूरच्या शहरात ठेवून जवळ येऊन राहिलेली सून. पत्नीलाही स्वतःला मदतीची गरज असल्याचा सरकारी दाखला मिळालेला होता. एके दिवशी सून घराबाहेर कामात असताना पत्नीचा क्षणभर डोळा लागला. तेवढ्यात आजोबा बाहेर पडले, रेल्वेच्या रुळांवर गेले आणि गाडीखाली सापडून मरण पावले. रेल्वे कंपनीने गाड्या खोळंबल्याबद्दल कुटुंबाकडे सुमारे ७२ लाख येनची भरपाई मागितली. घराच्या पुढील भागातील दारावरची सूचक घंटा बंद होती, हाही मुद्दा न्यायालयात निघाला. २०१३ साली नागोयाच्या जिल्हा न्यायालयाने पत्नी आणि मुलगा या दोघांना जबाबदार धरले. २०१४ साली उच्च न्यायालयाने मुलाला सोडले व रक्कम निम्म्यावर आणली. पण पत्नी बांधलेलीच राहिली. १ मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने तिलाही मुक्त केले. केवळ पत्नी आहे आणि एका घरात राहते, म्हणून देखरेखीचे कायदेशीर ओझे आपोआप तिच्यावर येत नाही, असा तो निर्णय होता.

आठ वर्षे! एका डुलकीचा हिशेब लागायला आठ वर्षे लागली.

न्यायालयाने जबाबदार कोण नाही ते सांगितले. नुकसान कोणी सोसावे, हा प्रश्न उरलाच. कानागावा प्रांतातील यामातो नगरपालिकेने २०१७ च्या नोव्हेंबरात त्यावर व्यवहारी तोडगा काढला. वाट चुकण्याचा धोका असलेल्या वृद्धांचा नगरपालिकेनेच विमा उतरविला आणि हप्ताही तिनेच भरला. पुढे इतर अनेक नगरपालिकांनी हा मार्ग धरला.

परंतु भरपाईपेक्षा माणूस सुखरूप घरी येणे महत्त्वाचे, आणि त्याचा धडा ओमुता शहराने घालून दिला. फुकुओका प्रांतातले हे कोळशाच्या खाणींचे गाव. १९९७ साली खाण बंद झाली, तरुण निघून गेले, वृद्ध मागे राहिले. तेथील एका वस्तीने २००४ साली एक तालीम सुरू केली. एक स्वयंसेवक हरवलेल्या वृद्धाची भूमिका घेऊन रस्त्यांवर फिरतो; त्याचे वर्णन सर्वांना कळविले जाते; दुकानदार, टपाल कर्मचारी, शाळकरी मुले यांनी त्याला ओळखून बोलते करायचे. शोधण्यापेक्षा बोलणेच कठीण असते. अनोळखी वृद्धासमोर जाऊन, त्याला न घाबरवता 'कुठे निघालात?' असे विचारण्याचा संकोच मोडणे, हाच खरा सराव. पुढे साऱ्या शहराने ही तालीम स्वीकारली. २०१५ साली तिच्या नावातील 'निरर्थक भटकणे' या अर्थाचा शब्दही वगळण्यात आला. जुन्या घराकडे किंवा जुन्या कामावर निघालेल्या माणसाचे चालणे त्याच्या लेखी निरर्थक नसतेच.

याच विचाराची देशव्यापी मोहीम २००५ साली सुरू झाली. सुमारे दीड तासाचा वर्ग पूर्ण करणारा 'सहायक' म्हणून नोंदविला जातो. खूण म्हणून त्याला नारिंगी कडे दिले जाई. २०२२ पर्यंत ही संख्या सव्वा कोटीच्या पुढे गेली होती. त्यांत बँकांचे कर्मचारी, पोलीस, विद्यार्थी आणि दुकानदारही आहेत. स्मृतिभ्रंशाची पहिली लक्षणे पुष्कळदा दुकानातच दिसतात. काल नेलेली वस्तू गिऱ्हाईक आज पुन्हा मागते, सुटे पैसे मोजताना गोंधळते, पैसे न देताच निघते. अशा वेळी आवाज न चढवता, मागे रांग खोळंबली तरी त्या माणसाला अवधी देणे, एवढेच शिकायचे. गिऱ्हाईक ओळखणे हा तर व्यापाराचा पहिलाच धडा.

भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख लोकांना हा विकार असावा, असा अंदाज २०२३ साली प्रसिद्ध झाला. केरळात १९९२ साली यासाठी राष्ट्रीय संस्था स्थापन झाली. परंतु आपल्या बहुतेक गावांत आजही एक पत्नी किंवा एक सूनच पहाऱ्यावर असते. तिला दोन तास निर्धास्त झोप मिळावी, यासाठी मोठी इमारत लागत नाही. गावातल्या बाजारपेठेला आठवड्याची सुट्टी असतेच. त्या दिवशी न्यासाच्या सभागृहात एका डॉक्टरांना बोलावून दुकानदार, रिक्षाचालक आणि इमारतींचे पहारेकरी यांचा दीड तासाचा वर्ग घेता येईल. ज्या घरांची संमती असेल, त्या घरांतील वृद्धांची छायाचित्रे आणि घरच्यांचे दूरध्वनी क्रमांक अशी एक वही मात्र त्याआधी तयार हवी.