डाळिंबाची गळणारी फुले



सांगोल्याच्या माळावर डाळिंबाचा बहार धरला, की सकाळी बागेत जाणाऱ्याची नजर झाडाआधी खाली मातीवर जाते. तिथे लालभडक फुलांचा सडा पडलेला. मग पोटात धस्स होते. "कळी गळायला लागली हो, आता काय मारू?" म्हणत तो दुकान गाठतो, आणि दुकानदार एक बाटली हातावर ठेवतो. बाटलीचे पैसे जातात, गळ तशीच चालू राहते. तेल्याने आणि खोड पोखरणाऱ्या भुंगेऱ्यांनी आधीच बागा काढायला लावलेल्या या भागात असा फुकट खर्च कुणाला परवडणार?

तेव्हा दुकानाकडे वळण्यापूर्वी एवढे करा. खाली पडलेली दहा-वीस फुले उचला, तेवढीच झाडावरची पाहा, आणि पात्याने एकेक फूल उभे चिरा. एकाच झाडावर दोन तऱ्हा दिसतील. एक फूल बुडाशी तांब्यासारखे फुगीर असते. आत भरदार अंडाशय आणि त्यातून वर आलेला लांब कुक्षिवृंत, म्हणजे मधली दांडी. तिच्या टोकावरची कुक्षी पुंकेसरांच्या उंचीपर्यंत पोचलेली असते. दुसरे फूल घंटेसारखे, बुडाशी निमुळते. त्याची दांडी आखूड आणि अंडाशय खुरटलेला. काही फुले या दोहोंच्या मधली निघतात, त्यांचा भरवसा थोडा.

आपण पहिलीला मादी कळी म्हणतो, दुसरीला नर. दुसरे नाव ठीक आहे, पहिले थोडे चुकते. त्या "मादी"तही पुंकेसरांची दाटी असते, म्हणून शिक्षकांनी वर्गात तिला द्विलिंगी म्हणावे. फळ धरते ते हिलाच. नर फूल उमलते, पराग देते आणि गळते. ते गळायचेच असते, कोणत्याही औषधाने त्याचे डाळिंब होणार नाही.

म्हणून त्याला वांझ समजू नका. त्याचा पराग चांगला सजीव असतो. मधमाशी तो अंगावर घेऊन तांब्यासारख्या फुलावर जाते. कुक्षीवर पडलेला परागकण रुजतो आणि त्यातून एक बारीक नळी दांडीतून खाली अंडाशयात उतरते. नळीतून दोन पुंयुग्मके जातात. एकाचा बीजांडातील अंडपेशीशी संयोग होऊन गर्भ तयार होतो, दुसऱ्यापासून गर्भाचे अन्न. नवाशिन या रशियन शास्त्रज्ञाने हे दुहेरी फलन १८९८ साली दाखवले. आपल्या मालदांडी ज्वारीची भाकरी होते ती बहुतांशी त्या दुसऱ्या संयोगाच्या अन्नाचीच! डाळिंबात मात्र आपण खातो तो बीजाच्या बाहेरच्या आवरणाचा रसाळ थर. एकेका दाण्यामागे एकेका बीजांडाचे फलन झालेले असते. परागच कमी पोचला तर दाणे कमी भरतात.

आता बहारात सकाळी, फुले उमललेली असताना, कीटकनाशक फवारले तर काय होईल ते सांगायला नको. मधमाश्या मरतील, आणि आपण वाचवायला निघालो तेच फळ हातचे जाईल. फवारणी अटळच असेल तर माश्या परतल्यावर, संध्याकाळी करावी.

मात्र चिरलेल्या फुलांत तांब्यासारखीच जास्त निघाली, तर गोष्ट वेगळी. तेव्हा पाण्याचा ताण पडला का, की एकदम फार पाणी झाले, कडक ऊन लागले, कीड आली, हे एकेक तपासा आणि सोलापूरच्या डाळिंब संशोधन केंद्राचा सल्ला घ्या. सन २००५ पासून ते आपल्या जिल्ह्यातच आहे.

शिक्षकांना एक काम सांगतो. न उमललेल्या पाच कळ्यांवर मलमलीच्या पिशव्या बांधा, शेजारच्या पाच मोकळ्या सोडा. दहाही कळ्या बुडाशी फुगीर निवडा, नाहीतर मुलांची फसगत होईल. फुले कोमेजल्यावर पिशव्या काढा आणि कुठे किती फळ धरले ते मुलांना मोजू द्या. डाळिंब स्वतःच्या परागावरही काही अंशी धरते, त्यामुळे पिशवीतही एखादे फळ दिसेल. ते का धरले, हे मुले विचारतीलच.